डावा काठ वर

“पानं आरशासारखी फिरव आणि फाइल पाठव,” गॅरेथ म्हणाला. “दहा मिनिटांचं काम आहे.”

कार्डिफमधल्या एका छोट्या प्रकाशनात मी लेटरर होते. म्हणजे जपानी कॉमिकच्या, मांगाच्या, संवादांच्या फुग्यांतला मजकूर काढून तिथे इंग्लिश बसवायचं. मांगा उजवीकडून डावीकडे वाचतात. माझा मॅनेजर गॅरेथ याला हे पुस्तक सुपरमार्केटमध्ये विकायचं होतं. तिथलं गिऱ्हाईक उलटं पुस्तक घेत नाही म्हणे. म्हणून अख्खं चित्रच उलटवायचं. त्याला फ्लिप म्हणतात.

पुस्तक इसोबे या जपानी चित्रकथाकार बाईंचं, शेवटचं. त्यांचे वडील प्रेतांना न्हाऊ घालून कपडे चढवायचे. बाई लहानपणी त्यांच्या हाताखाली होत्या. पुढे जन्मभर रहस्यकथा काढल्या, दर आठवड्याला, मनगट झिजेपर्यंत. आता कॅन्सर हाडांत गेला होता. शेवटची पानं त्यांनी हॉस्पिटलच्या पलंगावर काढली होती.

पहिलं पान फ्लिप केलं आणि माझा हात थांबला. किमोनोचा डावा काठ उजव्यावर येतो. फक्त प्रेताला उलटा नेसवतात. या कथेत एका मेलेल्या मुलीचा किमोनो जिवंत माणसासारखा नेसवलेला सापडतो, कारण ती गेली हे आईला मान्यच नसतं. सगळं रहस्य त्या काठात. फ्लिपमध्ये मुलगी रीतसर मेलेली दिसत होती, आणि तिच्यासोबत सगळं गावही.

“स्वान्सीतल्या सुपरमार्केटमध्ये येणाऱ्या बाईला काठ कळणार आहे का?” गॅरेथ हसला. “फारच खुपत असेल तर काठ तेवढे परत काढ.”

“मरणाऱ्या बाईच्या चित्रावर मी हात चालवणार नाही.”

“मग दुसरं कुणीतरी चालवेल.”

माझी फ्लॅटमेट सायली हॉस्पिटलमध्ये नर्स आहे. ती म्हणाली, “शहाणे, तुझा व्हिसा त्याच्या कंपनीवर आहे. आंदोलनाची पत्रकं वाटायची ती पुण्यात वाटलीस. इथे नोकरी गेली की बॅग भरायची.”

“तुझ्या वॉर्डात जिवंत पेशंटवर कुणी पांढरी चादर ओढली, तर गप्प बसशील?”

सायलीने उठून चहा केला.

चित्र बदलायला लेखिकेची मंजुरी लागते. गॅरेथने ती मागितलीच नव्हती. मी फ्लिप केलेली पानं टोकियोतल्या एजंटला ईमेल केली आणि गॅरेथला कॉपीत ठेवलं. चोरून काही करायचं नव्हतं.

एजंटने मला आणि गॅरेथला व्हिडिओ कॉल लावला. बाईंच्या नाकात नळी होती. त्या पान बघत राहिल्या. मग हळूच काहीतरी बोलल्या.

“बाई विचारतायत,” एजंट म्हणाला, “तुमच्या गावात सगळ्यांची प्रेतयात्रा एकाच दिवशी निघते का?”

गॅरेथ लाल झाला. “सॉरी. टेक्निकल एरर.”

“एरर नाही,” मी म्हणाले. “निर्णय होता.”

पुस्तक जसं काढलं तसंच छापलं. सुपरमार्केटने घेतलं नाही. बाई ते बघायला उरल्या नाहीत. बहिणीने त्यांना किमोनो नेसवला, उजवा काठ वर घेऊन, असं एजंटने कळवलं. तिथे तो बरोबर होता.

माझी नोकरी ‘रिस्ट्रक्चरिंग’मध्ये गेली, मागोमाग व्हिसा. बॅग भरायला सायलीही बसली.

कुणी दहा मिनिटांचं काम सांगितलं, तर ते कुणाच्या जन्मभराच्या कामावर करायचं आहे, तेवढं आधी विचारावं.