या भेटीत कोणीही बसणार नाही

बातमी आली तेव्हा आम्ही उभेच होतो. रोज सकाळी दहा वाजता आमची पंधरा मिनिटांची भेट असते आणि त्या भेटीत कोणी बसायचं नाही, असा आमचा नियम. दोघांचं बोलून झालं होतं. तिसरा नंबर मुंजाजीकाकांचा. काका रोज चुडाव्याहून यायचे; त्यांची पॅसेंजर लेट असेल म्हणून आम्ही थांबलो होतो. तेवढ्यात चुडावा केंद्राचा कारकून दारात येऊन उभा राहिला. "काका गेले," एवढंच म्हणाला. साहेब म्हणाले, बसा जरा सगळे. पण त्या खोलीत कोपऱ्यातलं एक स्टूल सोडलं तर बसायला काही नव्हतंच. खुर्च्या बाहेर काढलेल्या... आणि त्या काढायला लावणारी मी.

शोकसभेत मात्र खुर्च्या होत्या. साहेब मधल्या खुर्चीत बसून म्हणाले, मुंजाजीराव फार शिस्तीचे, नियमाला धरून चालणारे. मला उठून सांगावंसं वाटलं की हे साफ खोटं आहे. या माणसानं आयुष्यात एकही नियम जसाच्या तसा ठेवला नाही. एक सोडून.

आमचं काम माती तपासणीचं. शेतकरी मातीचा नमुना आणून देतो, त्याचा अहवाल कंप्युटरवरून छापून पेरणीच्या आधी त्याच्या हातात पडला पाहिजे. त्यासाठीचा प्रोग्रॅम आम्ही पाच जण परभणीत लिहितो आणि तो पालम, बोरी, चुडावा या केंद्रांवर चालतो. काका पूर्वी हैद्राबादेत कंप्युटरच्या कंपनीत होते. तिथून येताना एका परदेशी लेखाची झेरॉक्स घेऊन आले होते. तिच्यात लिहिलेलं असं की मोठं काम एकदम करू नका. लहान तुकडे पाडा, दर महिन्याला जेवढं झालं तेवढं वापरणाऱ्याला दाखवा, रोज एकमेकांशी बोला. काकांनी पहिल्याच दिवशी महिना खोडला. "महिना कुणाला कळतो? बाजार सगळ्याला कळतो," म्हणाले. तेव्हापासून आमच्या कामाची एक खेप म्हणजे एका बाजारापासून पुढच्या बाजारापर्यंत. पालमच्या बाजारादिवशी काका फ्लॉपी पिशवीत घालून एसटीनं जायचे, माल घेऊन आलेल्या शेतकऱ्यांना अर्धवट अहवाल दाखवायचे आणि शिव्या खाऊन यायचे. शिव्या आम्हाला जशाच्या तशा ऐकवायचे.

तीन केंद्रांची माणसं रोज परभणीला कुठून येणार, आणि फोन तर लागतच नाही. मग काकांनी त्यांना पोस्टकार्डं दिली. आलेलं कार्ड सकाळी मोठ्यानं वाचायचं, म्हणजे तो माणूस भेटीला हजर. बोरीच्या काशिनाथ कारकुनाचं एक कार्ड माझ्याजवळ आहे: "तुमचा कंप्युटर लय हुशार हाय. पर तो आधी गट नंबर इचारतो. आमचा माणूस आधी बापाचं नाव सांगतो. दोघांचं जमना. कुणाला बदलू?" काका हसले, म्हणाले, माणूस बदलायला लय वेळ लागतो. पुढच्या बाजाराला प्रोग्रॅम आधी बापाचं नाव विचारायला लागला.

उभं राहणं त्या झेरॉक्समध्ये नव्हतं. ते आमचं. सुरुवातीला भेट साहेबांच्या टेबलापुढे व्हायची. साहेब बसलेले, आम्ही हजेरी द्यायला आल्यासारखे उभे. माझा हात विद्यापीठाच्या नामांतराची पत्रकं लिहून तयार झालेला. त्यापायी घरच्यांनी दोन दिवाळ्या माझ्याशी बोलणं टाकलं होतं. कुणी कुणासमोर बसायचं आणि कुणी उभं राहायचं, यावर गावंच्या गावं कशी पेटतात ते मी बघितलं होतं. मी सरळ म्हटलं, एक तर सगळे बसतील नाही तर सगळे उभे राहतील. खुर्च्या तीनच. काका म्हणाले, "पत्रकवाल्या ताई, मग उभेच राहू." मी लाल शाईनं मोठ्या अक्षरात कागद लिहून भिंतीला चिकटवला: या भेटीत कोणीही बसणार नाही. दुसऱ्या दिवशी साहेब उभे राहिले. मला केवढा विजय वाटला होता!

गेल्या पावसाळ्यात एका सकाळी काका मला म्हणाले, "ताई, पायाला जरा तकलीफ हाय. कोपऱ्यातलं स्टूल घेऊ का?" मी कागदाकडे बोट दाखवलं. "काका, आज तुम्ही बसाल, उद्या साहेब बसतील." ते कागदाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "बरोबर हाय तुमचं." आणि उजवा हात भिंतीला टेकवून उभे राहिले. त्यानंतर रोज तसेच.

प्रत्येक खेपेच्या शेवटी ते सगळ्यांना एकच प्रश्न विचारायचे, या खेपेला कुणाला काय टोचलं? ज्याला जे टोचलं ते पुढच्या खेपेला बदलायचं. उत्तरं मी वहीत लिहायची. आता ती वही काढून बघितली. बाजारामागून बाजार, प्रत्येक पानावर माझ्या अक्षरात: मुंजाजीकाका, काही नाही.

चुडाव्याला भेटायला गेले तेव्हा काकूंनी चहा केला. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं. म्हणाल्या, डॉक्टरांनी उन्हाळ्यातच सांगितलं होतं, हृदय कमजोर झालंय, पाय सुजायलेत, उभं राहू नका. "मी म्हणलं, अहो बसून बोलत जा की. तर म्हणले, आमच्यात नियम हाय, अन् पोरीनं भांडून मिळवलाय. मी बसलो तर तिचं मोडंल." मी चहा संपवला. कसा, ते माहीत नाही. उभं राहण्यानं माणूस जातो का, हे डॉक्टरला विचारायची हिंमत मला अजून झालेली नाही.

लाल कागद मी काढला. नवा लिहिला: ज्याचे पाय दुखतात त्यानं बसावं, विचारू नये. स्टूल भिंतीपाशी ठेवलं. त्याच्या वर, खांद्याच्या उंचीला, चुन्यावर तळहाताएवढा तेलकट डाग आहे. सकाळी डोक्याला तेल लावून काका तशाच हातानं थेट गाडी धरायचे. साहेबांनी दोनदा चुना मारायचा निरोप पाठवला, दोन्ही वेळा मी भांडले. तेवढंच मला येतं.

परवा काशिनाथ कारकून बोरीहून स्वतः आले. म्हातारा माणूस. आले आणि कुणाला न विचारता स्टुलावर बसले, नवा कागद त्यांनी वाचलासुद्धा नाही. साहेब उभेच राहिले, आम्हीही. जग काही मोडलं नाही. भेटीच्या शेवटी, या खेपेला काय टोचलं, हे आता मी विचारते. सगळे सांगतात. माझा नंबर आला की मी त्या डागाकडे बघते, आणि वहीत माझ्या नावापुढे 'काही नाही' असं मला लिहिता येत नाही.