दुसऱ्या लाटेआधीचे तीन-चार सेकंद

मंडळी, आज जे झालं ते लिहिते.

मी नाशिकहून रोज पेठजवळच्या एका ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवायला जाते. आज अकरावीला लाटा शिकवत होते, तेवढ्यात खिडक्यांची तावदानं खडखडली. मुलांना वाटलं, बाहेरून ट्रक गेला.

मला कळलं, हा भूकंप आहे. त्याची पहिली लाट वेगाने येते, पण हलकी असते. जोरात हलवणारी दुसरी लाट तिच्या मागून येते. ती निघालेली आहे हे माहीत असणं फार भयंकर होतं.

"बाकांखाली जा, डोकं झाका," मी म्हणाले. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

तीन-चार सेकंद गेले असतील. मग जमीन आडवी हलली. पंखा झोके घेऊ लागला, छताचे पोपडे पडले.

थांबल्यावर सगळे मैदानात आलो. कुणालाच लागलं नव्हतं. सुरगाण्याची मनीषा माझा हात धरून म्हणाली, "मॅडम, आता अजून नाय ना येणार?"

हे कुणालाच आधी सांगता येत नाही. "माहीत नाही गं," मी म्हणाले. तिने हात आणखी घट्ट धरला.

तुम्ही तिला काय सांगितलं असतं?