मागच्या चाकांमधली घरघर

मंडळी, उद्या आमची घरगाडी तंजावूरहून निघतेय! घरात पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलतो, पण महाराष्ट्र अजून कोणी पाहिला नाही. सकाळी तर सगळं रद्द होणार असं वाटत होतं.

जुन्या व्हॅनमध्ये पलंग आणि शेगडी बसवून आम्ही ही गाडी केली. आठवडाभर फेऱ्या मारताना मला मागच्या पलंगावर बसून घरघर ऐकू येत होती. हे म्हणायचे, "भांडी वाजतायत." मी सगळी भांडी ह्यांच्या जुन्या वेष्टीत, म्हणजे धोतरात, गुंडाळली. तरी घरघर होतीच. "मग तवा असेल," हे म्हणाले.

आज मेकॅनिकने ह्यांना विचारलं, "सार, आवाज अॅक्सिलरेटर दाबल्यावर येतो की सोडल्यावर?"

ह्यांना सांगता येईना. मी म्हटलं, "सोडल्यावर. माझा पलंग बरोबर मागच्या चाकांवरच आहे."

"मग अम्मांनाच आधी विचारायचं होतं," तो हसला.

मागची चाकं फिरवणारं डिफरन्शियल उघडलं तर आतलं बेअरिंग पार झिजलेलं. तसेच गेलो असतो तर घाटात चाकं जाम झाली असती.

नवं बेअरिंग घालून ओरत्तनाडूच्या रस्त्याला फेरी मारली. ह्यांनी अॅक्सिलरेटर सोडला आणि विचारलं, "आता काय ऐकू येतंय गं?"

"काही नाही."

पुढच्या वळणावर ह्यांनी पुन्हा विचारलं. मला फार बरं वाटलं.

तुमच्याकडे मागे बसलेल्या माणसाला कोणी विचारतं का?