हुक झाकलेली गोळी

अंधेरीच्या प्रयोगशाळेत माझं काम औषधं बिघडवण्याचं आहे. अँटिबायोटिक आम्लात टाकायचं, तापवायचं, उजेडात ठेवायचं आणि कसं बिघडलं ते लिहायचं. त्याशिवाय औषध किती टिकेल ते कळत नाही. आमच्या घरातली पदवी घेतलेली मी पहिली. त्यामुळे बाबा घाटकोपरला माझ्याकडे आले, तेव्हा मी त्यांना सगळं मन लावून सांगितलं. एरिथ्रोमायसिन नावाचं अँटिबायोटिक पोटातल्या आम्लात किती लवकर निकामी होतं, तेसुद्धा.

बाबा तालुक्याच्या गावी शिवणकाम करतात. कापडाची चिंधीही वाया घालवत नाहीत.

त्यांच्या छातीत कफ भरला होता. डॉक्टरांनी एरिथ्रोमायसिनच्याच जातीचं क्लॅरिथ्रोमायसिन दिलं होतं. तरी खोकला कमी होईना, आणि ताप वाढला. विचारलं तर म्हणाले, गोळ्या नीट आहेत. खरंच नीट होत्या. पाकिटातच होत्या.

"पोटात जाऊन बिघडणारच, तर खायच्या कशाला? तूच म्हणालीस ना?"

मी डॉक्टरांना फोन केला. ते आधी मला बोलले, मग गोळ्या लगेच सुरू करा म्हणाले. पण बाबांचा विश्वास माझ्या शिक्षणावर होता. मी कागदावर रेणूचं मोठं वलय काढलं. त्यांनी ते सभ्यपणे पाहिलं. शेवटी मी कपाटातून त्यांनीच शिवलेला ब्लाउज काढला.

एरिथ्रोमायसिनच्या वलयाला असा एक हुक असतो, मी सांगितलं. आम्लात तो वलयाच्याच भलत्या घरात अडकतो, सगळ्याला चुण्या पडतात, आणि मग ते जंतूच्या आत बसायचं तिथे बसत नाही. तुमच्या गोळीत तोच हुक मिथिल नावाच्या छोट्या टोपीने झाकलाय. बाकी सगळं तेच.

बाबांनी ब्लाउजचा हुक बोटाने झाकून पाहिला.

"मग पहिल्याचा उघडा का ठेवला?"

"ते औषध मातीतले सूक्ष्मजीव बनवतात, बाबा."

"हां. त्यांना काय ठाऊक, माणसाच्या पोटात जाणार ते."

त्यांनी पाणी मागितलं, गोळी गिळली आणि पोटावर हात ठेवून बसले. थोड्या वेळाने म्हणाले, "अडकला नाही वाटतं."

पुढच्या गोळ्या त्यांनी न सांगता घेतल्या. खोकला गेला, तेही गावी गेले. तिथे गिऱ्हाइकांना सांगतात, पोरगी मुंबईत औषधांचे हुक झाकते. मी अजून दुरुस्ती केलेली नाही.