चुकलेली घरप्रार्थना

मागच्या जानेवारीत मी तीन वर्षांनी इंदूरला घरी आलो, तेव्हा माझ्याकडून प्रार्थना होत नव्हती. हे वाक्य लिहायला मला आजही धीर गोळा करावा लागतो, कारण प्रार्थना करणं हेच माझं काम आहे. मी मिशनरी आहे. मलावी देशात एका मोठ्या तळ्याच्या काठी आमची छोटी शाळा आहे आणि तिच्या शेजारी त्याहून छोटं चर्च. तिथे मी गेली नऊ वर्षं शिकवतो, उपदेश करतो, आजाऱ्यांच्या उशाशी जाऊन बसतो. निदान मला तरी वाटायचं की मी बसतो.

आमच्या शाळेत स्वयंपाक करायला तबिथा नावाची बाई होती, आणि तिचा नवरा योसेफ शाळेची राखण करायचा. मी घरी आलो त्याच्या आदल्या वर्षी तबिथाला ताप आला. तीन दिवस मी तिच्या खाटेच्या पायथ्याशी उभा राहून मोठ्या आवाजात प्रार्थना केली. माझा आवाज चांगला आहे, हे मला माहीत आहे आणि त्याचा मला थोडा गर्वही होता. तिसऱ्या सकाळी मला आतून फार खात्री वाटली आणि मी योसेफला सांगून टाकलं, ‘ती उठेल. देवाने मला सांगितलंय.’ त्याच दुपारी ती गेली. योसेफ मला एका शब्दाने बोलला नाही. तिला माती दिली त्याच्या दुसऱ्या दिवशी त्याने नेहमीप्रमाणे शाळेची घंटा वाजवली. तो माझ्याशी भांडला असता तर बरं झालं असतं. मी त्याच्या घरावरून जाणारी वाट सोडली आणि तळ्याकडून लांबून जाऊ लागलो. पुढे पुढे प्रार्थनेला उभा राहिलो की ओठ हलायचे, माणसं आमेन म्हणायची, आणि मला मात्र रिकाम्या खोलीत एकट्याने बोलल्यासारखं वाटायचं. सुट्टी मिळाली तेव्हा मी मनाशी ठरवूनच निघालो होतो की परत यायचं नाही.

परदेशीपुऱ्यात आमचं दोन खोल्यांचं घर आहे. वडील तिथल्याच मिलमध्ये होते. ते जाऊन बरीच वर्षं झाली. आता आई एकटी असते. आमच्या चर्चमध्ये रीत अशी की बाहेरगावी सेवा करणारा घरी आला की रविवारी त्याने साक्ष द्यायची, म्हणजे सगळ्यांसमोर उभं राहून देवाने आपल्यासाठी काय केलं ते सांगायचं. मी विमानतळावरून घरी पोचायच्या आधीच आईने ही बातमी चर्चच्या पाळकांपासून भाजीवाल्यापर्यंत सगळ्यांना देऊन टाकली होती. त्याच रविवारी, साक्षीच्या जागी, काम सोडल्याचं सांगून मोकळं व्हायचं असा माझा बेत होता. आईला सांगायची हिंमत नव्हती. जेवायला बसलो की ती माझ्याकडे बघायची आणि मी म्हणायचो, ‘आई, तूच कर ना प्रार्थना, तुझ्या तोंडून ऐकून किती दिवस झाले.’ ती डोळे मिटायची आणि प्रार्थना करायची.

ते दिवस मला आठवतात ते अर्धवट झोपेत पाहिल्यासारखे. अवेळी जाग यायची, अवेळी डोळे मिटायचे. सकाळी धुकं असायचं आणि त्यातून कुणीतरी पोह्यांची आरोळी द्यायचं. गल्लीतली माणसं ‘अरे भिया, कब आए?’ म्हणून खांद्यावर हात टाकायची आणि मी हसायचो. सगळं ओळखीचं होतं, पण मी त्यात नव्हतो.

त्या आठवड्यात गुरुवारी दुपारी इंदूरबाहेर राऊला आमच्या चर्चमधल्या एका कुटुंबाकडे घरप्रार्थना होती. आई सकाळीच पोळ्या लाटायला पुढे गेली. मी मागाहून बसने निघालो आणि पोचायला उशीर झाला. ती नवी वसाहत आहे; ओळीने सारखी घरं, सारखी फाटकं, सारखा फिका पिवळा रंग. घराचा नंबर मी कागदावर लिहिला होता आणि कागद घरीच राहिला. पण घरप्रार्थनेचं घर शोधायला नंबर लागत नाही. दाराबाहेर चपलांचा ढीग दिसला की समजायचं. आमच्यात उशिरा आलेल्याने नमस्कार-चमत्कार करत बसायचं नसतं. फोन बंद करायचा, चपला काढायच्या, मिळेल तिथे सतरंजीवर टेकायचं आणि डोळे मिटायचे. मला ढीग दिसला. दार उघडं होतं. मी आत गेलो, भिंतीला टेकून बसलो आणि डोळे मिटले.

आत अगदी शांत होतं. मूकप्रार्थना चालू असेल असं मला वाटलं आणि हायसं वाटलं, कारण निदान कुणी मला बोलायला लावणार नव्हतं. कुठलंसं यंत्र बारीक घुरघुरत होतं. उदबत्तीचा वास आला, तो मी शेजारच्या घराच्या नावावर टाकला. असा मी किती वेळ बसलो ते सांगता येत नाही. पाच मिनिटं असतील, वीसही असतील. मग कुणीतरी कण्हलं आणि मी डोळे उघडले. समोरच्या भिंतीवर घोड्यावर बसलेला खंडोबा होता. त्याच्याखाली पलंगावर एक म्हातारे गृहस्थ निजले होते, नाकाला नळी लावलेली. त्यांच्या उशाशी एक साठीच्या बाई त्यांचा हात धरून बसल्या होत्या. सतरंजीवर सात-आठ नातेवाईक गप्प बसलेले. मला सोडून सगळे एकमेकांना ओळखत होते.

मी गुडघ्यांवर पुढे सरकून बाईंना हळूच म्हणालो, ‘माफ करा, माझं घर चुकलं. मला प्रार्थनेला जायचं होतं.’

‘ते मागच्या लाइनीत असेल,’ त्या तितक्याच हळू आवाजात म्हणाल्या. ‘तिथे ख्रिश्चन लोकांचं घर आहे. जाल हो आरामात. पण आत्ता उठू नका. अण्णांचा डोळा आत्ताच लागतोय, थोडी जरी हलचल झाली ना, की जागे होऊन जातात. तीन दिवस झाले, झोप नाही बिचाऱ्यांना. डॉक्टरने कह दिया, घरी घेऊन जा.’

मी बसून राहिलो. थोड्या वेळाने त्यांनी मला खुणेने जवळ बोलावलं. ‘माझा हात सुन्न पडलाय. सुनेचापण नंबर झाला, मुलाचापण. तुम्ही पकडा ना थोडा वेळ. हात सोडला की घाबरतात ते.’

‘मी काय करायचं?’ मी विचारलं.

‘करायचं काय? काहीच नाही. पकडून बसायचं, बस.’ मग माझ्याकडे नीट पाहून त्यांनी विचारलं, ‘तुम्ही पादरी आहात का?’

‘हो.’

‘अच्छा है. पण काही बोलू नका हं. आवाजाने त्यांना त्रास होतो.’

आयुष्यात पहिल्यांदा मला कुणी आजाऱ्याजवळ बसवलं आणि तोंड बंद ठेवायला सांगितलं. मी अण्णांचा हात हातात घेतला. हाडकुळा, कोमट हात. पहिली काही मिनिटं सवयीने मनात शब्द शोधत राहिलो आणि एकही सापडला नाही. मग शोधणं सोडलं. खिडकीतून दुपारचं ऊन सतरंजीवर आलं होतं. कुणीतरी दबक्या पावलांनी आत जाऊन गॅस बंद केला. तेव्हा मला तबिथाची खाट दिसली. ती तीन दिवस तिथे पडली होती, मी तीन दिवस तिच्यासाठी बोललो होतो, आणि एकदाही तिच्याजवळ बसलो नव्हतो. तिचा हात कसा होता हे मला माहीतच नव्हतं.

अण्णांनी डोळे उघडले. माझ्याकडे पाहत राहिले. अनोळखी माणूस पाहून ते दचकतील अशी मला भीती वाटली, पण ते सावकाश म्हणाले, ‘कुठून आलात?’

मलावी असं सांगायला हवं होतं. तोंडून निघालं, ‘परदेशीपुऱ्यातून.’

‘मिलमध्ये होतात?’

‘वडील होते.’

‘हं.’ त्यांनी माझा हात किंचित दाबला. ‘खूप थकून गेलात तुम्ही,’ असं म्हणून त्यांनी डोळे मिटले.

इतकंच. तेवढ्यावर मला रडू फुटलं. आवाज करायचा नव्हता म्हणून मान खाली घालून रडलो. इतक्या महिन्यांत कुणी मला हे सांगितलं नव्हतं, मीही स्वतःला सांगितलं नव्हतं. ज्याला तीन दिवस झोप नाही, श्वास नळीतून घ्यावा लागतो, त्या माणसाला मी थकलेला दिसलो. ते शब्द त्यांचे होते की त्यांच्या तोंडून आणखी कुणाचे होते, यावर मी वाद घालणार नाही. मला त्या क्षणी कुणीतरी पाहतंय असं वाटलं, एवढं खरं. अण्णांचा श्वास हळूहळू लांब होत गेला. माझं डोकं पलंगाच्या कडेला कधी टेकलं ते कळलं नाही.

जाग आली तेव्हा ऊन भिंतीवर चढलं होतं आणि माझ्या अंगावर शाल होती. अण्णा गाढ झोपले होते. बाई चहाचा कप घेऊन उभ्या होत्या. ‘दोघंही मस्त झोपलात,’ त्या हसून म्हणाल्या. ‘मी म्हटलं, राहू दे, उठवायचं नाही कुणालाच.’

मागच्या लाइनीत घरप्रार्थना केव्हाच उरकली होती. आई फाटकात उभी राहून माझी वाट बघत होती आणि चिडली होती. बसमध्ये मी तिला सगळं सांगितलं, तबिथाचंही, रविवारचा बेतही. ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, ‘प्रार्थना होत नाही तुझ्याकडून, ते मला पहिल्या दिवशीच समजलं. जेवणाच्या वेळी बहाणे करतोस, आईला कळत नाही का? मी वाट बघत होते, कधी सांगतो ते.’

‘मग विचारलं का नाहीस?’

‘तू सांगायला हवं होतंस ना, बेटा. मी फक्त बाजूला बसले होते.’

रविवारी मी साक्षीला उभा राहिलो. काम सोडतो असं म्हणालो नाही, आणि गोष्टी रंगवून सांगितल्याही नाहीत. म्हणालो, ‘मी देवाच्या नावाने एका माणसाला खोटा शब्द दिला. तेव्हापासून माझ्याकडून प्रार्थना होत नाही. माझ्याकडे साक्ष नाही. तुम्ही माझ्यासाठी प्रार्थना करा.’ आणि खाली बसलो. मग आई उठली, माझ्या शेजारी येऊन बसली. तिच्या मागून आणखी दोन बायका आल्या, मग पाळक आले. कुणी मोठ्याने काही म्हटलं नाही. ते नुसते माझ्याभोवती बसून राहिले.

अण्णा पुढच्या आठवड्यात गेले. झोपेत गेले, असं बाईंनी फोनवर सांगितलं; निघताना मी त्यांना माझा नंबर दिला होता. मी त्या घरी जाऊन सतरंजीवर बसून आलो. या वेळी घर चुकलं नाही.

मलावीला परतलो त्या संध्याकाळी मी तळ्याकडची वाट धरली नाही. योसेफ दारात बसला होता. मी त्याच्या शेजारी मातीत बसलो आणि म्हणालो, ‘ती उठेल असं देवाने मला सांगितलं नव्हतं. ते मी म्हटलं होतं.’

योसेफ म्हणाला, ‘ते मला माहीत होतं. तू नंतर आला नाहीस, त्याचं जास्त वाईट वाटलं.’

आम्ही अंधार पडेपर्यंत तिथे बसलो. देवाने काय करायचं ते मी देवालाच सांगत आलो होतो, आता त्याच्या हाती काय आहे ते त्यालाच ठाऊक असू दे, एवढं मला शिकता आलं. हे शिकवायला देवाने माझं घर चुकवलं, याबद्दल मी त्याचा आजन्म ऋणी आहे. उठायच्या आधी योसेफने आपल्या भाषेत प्रार्थना केली. त्याने तबिथाचं नाव घेतलं आणि मग माझं घेतलं. मी फक्त आमेन म्हणालो, आणि ते मनापासून म्हणालो.