नवी देऊन जुनी घेतली

आमच्या बाबांनी जेमतेम दोन वर्षांची डिझेल पिकअप देऊन तिच्या बदल्यात दहा-बारा वर्षं जुनी, ठिकठिकाणी ठोकून सरळ केलेली पिकअप दारात आणून उभी केली, तेव्हा त्यांचं डोकं फिरलं असा निकाल गावाने देऊन टाकला. काहींनी त्याच्या पुढची मजल मारली. म्हणे पोरीचं लग्न जमलं असेल, म्हणून गाडी मोडून पैसा उभा केला. ती पोरगी म्हणजे मी. गोंदियाला कॉलेजात होते आणि लग्न माझ्या ध्यानीमनी नव्हतं. पण आमच्या घरात काहीही झालं तरी ते माझ्या लग्नापाशी नेऊन सोडायची गावाला सवयच होती.

बाबा सगळ्यांना एकच कारण सांगत. सेन्सर.

"नव्या गाडीत सेन्सर रायते. लाइट लागला का शोरूमले न्या, लॅपटॉप लावा. हे जुनी पाहा. पाना न् हातोडी, अजून का लागते?"

ऐकणारे माना डोलवत. सेन्सर म्हणजे काय हे त्यांच्यातल्या एकालाही ठाऊक नव्हतं, आणि बाबांनाही नव्हतं. दोन वर्षांत तो पिवळा दिवा एकदाच लागला होता आणि बाबांनी डॅशबोर्डवर थाप मारल्यावर गुमान विझला होता. खरं कारण गोंदियाच्या एका राइस मिलच्या ऑफिसातली खुर्ची होतं, आणि ते फक्त आईला आणि मला माहीत होतं.

ही गोष्ट दोन हजार दहाच्या थोडी पुढची. आमचं गाव दवनीवाड्याच्या बाजूचं. बाबांनी अर्धं आयुष्य तिरोड्याच्या एका ठेकेदाराच्या गाड्या चालवण्यात घालवलं होतं. मग आईच्या शाळेतल्या नोकरीवर कर्ज काढून त्यांनी पिकअप घेतली आणि स्वतःचा धंदा सुरू केला. आसपासच्या लहान कास्तकारांकडून धान घ्यायचं आणि मिलला नेऊन विकायचं. माल स्वतःचा, गाडी स्वतःची. गाडीच्या दारावर पेंटरकडून स्वतःचं नाव लिहून घेतलं, डॅशबोर्डवर बुद्धाची लहानशी मूर्ती बसवली, आरशाला निळी रिबन बांधली. आमच्या मोहल्ल्यातली ती पहिली चारचाकी. बाबा तिला रोज सकाळी अंघोळ घालत. आई ओट्यावरून पाहायची आणि म्हणायची, "मले कधी बिमारीत असं न्हाऊ घातलं का जी तुमी?"

मिलच्या फाटकावरच्या चौकीदाराने पहिल्याच दिवशी आधी गाडीला पाहिलं, मग बाबांना पाहिलं, आणि त्याला या दोघांचा मेळ बसेना.

"किसकी गाड़ी है?"

"मेरी," बाबा म्हणाले.

"अरे भाई, तू चलाता है वो दिख रहा है. सेठ कौन है?"

बाबांनी दारावरच्या नावाकडे बोट दाखवलं. चौकीदाराने ते सावकाश वाचलं आणि म्हणाला, "हां, तो इनको बोलना, भाव की बात करने खुद आया करें. ड्राइवर से भाव की बात नहीं होती यहां."

त्या मिलमध्ये चहा दोन जागी मिळायचा. ड्रायव्हर आणि हमाल लोकांना बाहेर नळाजवळ, काचेच्या ग्लासात, उभ्याने. माल ज्याचा असेल त्याला ऑफिसात, पंख्याखाली, खुर्चीवर, कपबशीत. नुसत्या चहाचा प्रश्न असता तर बाबांनी ग्लासातलाही गोड मानून घेतला असता. पण भाव ऑफिसात ठरायचा. बाहेर उभं असणाऱ्याला मुनीम येऊन जो सांगेल तो मुकाट घ्यावा लागायचा. म्हणजे खुर्ची नाही तर धंदा नाही, आणि खुर्ची बाबांना कोणी देत नव्हतं.

बाबांचंही थोडं चुकत होतं, हे मला कबूल आहे. त्यांचं डोकं मालक झालं होतं, पण अंग अजून ठेकेदाराच्या नोकरीतच होतं. गाडी थांबली की उडी मारून उतरणार, माल भरायच्या डाल्याची मागची फळी स्वतः पाडणार, खांद्यावरच्या फडक्याने काच पुसणार, आणि कोणी नुसतं "ए" म्हटलं की "जी" म्हणणार. मी म्हणायची, "बाबा, मालक काच पुसत नाही." ते म्हणायचे, "मंग का घान ठेवू?"

पण तेवढ्याने माझं समाधान होत नव्हतं. त्याच मिलला काही व्यापारी मळक्या बनियनवर, तोंडात खर्रा भरून, पडक्या स्कूटरवरून यायचे. स्कूटर कोणाची, हे त्यांना कोणी विचारत नव्हतं. बाबांच्या वाट्याला मात्र चौकीदाराची सगळी तपासणी यायची. त्यांच्या रंगावरून त्याची नजर मूर्तीवर जायची, मूर्तीवरून रिबनीवर. एकदा त्याने विचारलंच, "ये सब लगाया है, तेरा सेठ कुछ बोलता नहीं?" इतका उदार सेठ मिळाल्याबद्दल त्याने बाबांचं कौतुकही केलं. बाबांनी ते कौतुक घेतलं, हे ऐकून मी त्या दिवशी जेवले नाही.

आईने पहिला इलाज कपड्यांचा केला. पांढराशुभ्र, कडक इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, पायात बूट. बाबा तसे गेले आणि संध्याकाळी परत आले ते पेन काढून हातात घेऊनच. चौकीदाराने म्हणे त्यांना बाजूला घेऊन हळूच विचारलं होतं, "किसी नेता के यहां लग गया क्या? मेरे लड़के का भी देख ना कुछ."

दुसरा इलाज बाबांच्या स्वतःच्या डोक्यातून निघाला. मालकाला ड्रायव्हर असतो, तर आपणही एक ड्रायव्हर ठेवू. आमच्या नात्यात रिकामा माणूस एकच, माझा मामा. मामा गोरा, मिशी झुपकेदार, पोट पुढे आलेलं, आणि या तिन्ही गोष्टी सांभाळण्यापलीकडे त्याला काही काम नव्हतं. गाडी मात्र त्याला चालवता यायची. तर मामा स्टिअरिंगवर बसला आणि बाबा मालकासारखे बाजूच्या सीटवर, फडकं घरी ठेवून.

फाटकावर चौकीदाराने असा सलाम ठोकला की मामा दचकला. मुनीम ऑफिसातून धावत बाहेर आला. "आइए सेठजी, आइए. आपके आदमी को कब से बोल रहे थे कि सेठ को लाओ." बाबा दार उघडून उतरेपर्यंत मामा आत जाऊन खुर्चीत बसलाही होता. एवढ्या प्रेमाने बोलावतात तर नाही कसं म्हणायचं, असं त्याचं नंतरचं म्हणणं. त्याने कपबशीतला चहा घेतला, बिस्किटं खाल्ली, मिलवाल्या सेठशी हवापाण्याच्या गप्पा मारल्या आणि सेठने जो भाव सांगितला त्याला मान डोलावून बाहेर आला. मुनीम रोज बाबांना सांगायचा त्याहूनही तो कमी होता. बाबा तोवर नळाजवळ हमालांबरोबर उभे होते. कोणीतरी त्यांच्या हातात ग्लास दिला होता.

"भाऊजी, सेठ लय चांगला मानूस होय जी," घरी आल्यावर मामा म्हणाला. "तुमीच काऊन त्याचं वाईट सांगता, मले समजलं नाई."

आईने सख्ख्या भावाला त्या दिवशी नुसता भात वाढला. वरण वाढलंच नाही, आणि मामानेही शहाणपणाने मागितलं नाही.

असं चाललेलं असताना नव्या गाडीचा पट्टा तुटला. ओळखीच्या मिस्त्रीने ती दुरुस्तीला ठेवून घेतली आणि त्याच्याकडे विकायला आलेली एक जुनी पिकअप बाबांना एका फेरीपुरती दिली. दार तारेने बांधलेलं, सीटमधला काथ्या बाहेर, आणि सायलेन्सरचा आवाज असा की गोंदियात सुरू केली तर पार शहराबाहेरच्या नागऱ्याच्या देवळात बसलेल्यांनी मागे वळून पाहावं. बाबा लाजतच मिलला गेले. चौकीदाराने गाडी पाहिली, बाबांना पाहिलं, आणि या वेळी त्याला मेळ बसला.

"अपनी ही है ना?" त्याने विचारलं. आणि पहिल्यांदाच बाबांना "आप" म्हणाला.

मुनीमाने त्यांना ऑफिसात बोलावलं. खुर्च्या भरलेल्या होत्या म्हणून स्टूल दिलं. चहा कपात आला. भावात थोडी घासाघीसही करू दिली. बाबा घरी आले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर परीक्षेत पास झालेल्या पोराचं तेज होतं.

"समजलं मले," ते आईला म्हणाले. "खटाऱ्यावर कोनी ड्रायव्हर ठेवते का? खटारा ज्याचा त्यालेच चालवा लागते. नवी गाडी पायली का लोकायले वाटते, हे सेठची. जुनी पायली का वाटते, हे याची."

"मंग घरपन पाडा न् झोपडी बांधा," आई म्हणाली. "राजाच म्हनतीन तुमाले."

पण बाबांचं ठरलं होतं. ती जुनी गाडी गोंदियाच्या एका किराणा व्यापाऱ्याची होती आणि त्याला पोरासाठी नवी हवीच होती. मिस्त्रीने मध्ये पडून अदलाबदल जमवली. वर जे काही मिळालं ते बँकेत गेलं. पोरगा गाडी न्यायला आला तेव्हा बाबांनी मूर्ती काढून रुमालात गुंडाळली आणि क्लच कसा दाबायचा, थंडीत सेल्फ मारायच्या आधी किती थांबायचं, हे त्याला बराच वेळ सांगितलं. पोरगा मोबाइलमध्ये पाहत होता. गाडी वळणावर दिसेनाशी झाली तसं मला रडू आलं. लोखंडासाठी रडतेस का म्हणून आई माझ्यावर ओरडली, आणि पदराने स्वतःचेही डोळे पुसले.

दुसऱ्या दिवशी त्या पोराने दारावरचं बाबांचं नाव खरवडून टाकलं. गाडी किसकी है, हे त्याला कोणी विचारल्याचं माझ्या तरी कानावर आलं नाही.

जुनी गाडी डिझेल भसाभसा प्यायची, चढावर जीव टाकायची आणि थंडीच्या दिवसांत ढकलल्याशिवाय हलायची नाही. पण गाव खूश होतं. नवी गाडी असताना ज्यांच्या पोटात दुखायचं, ज्यांनी आमच्या दारावरून जाताना कधी मान वळवली नव्हती, ते आता सकाळी ढकलायला आनंदाने यायचे. "होते जी असं. धंद्यात खालीवर होतेच," असं बाबांच्या पाठीवर हात ठेवून सांगायचे. आमच्या घरावर इतकी माया गावाने त्याआधी कधी केली नव्हती.

मिलमध्ये बाबांना खुर्ची मिळाली. एकदा माझी बस चुकली म्हणून कॉलेजला सोडायला मी त्यांच्याच गाडीत बसले, आणि वाटेत माल उतरवायला ते मिलला थांबले. ऑफिसात मलाही बोलावलं. "बिटिया को भी चाय दो," सेठ म्हणाला. पंखा होता, खुर्च्या होत्या, कपबशा होत्या. बाबा ताठ बसले होते. त्यांना तसं बसलेलं पाहून मला बरं वाटलं, हे मी नाकारत नाही. आई आणि मी इतके दिवस उगीच टोचून बोललो, असंही मनात येऊन गेलं.

मग सेठने त्यांच्याकडे निरखून पाहिलं.

"आप ही हो ना, जो पहले नई पिकअप पे आते थे? सफेद वाली?"

बाबांनी चहाचा घोट घेतला. कप बशीत ठेवला.

"हां सेठजी," ते म्हणाले. "वो एक सेठ की थी. मैं चलाता था."

"अच्छा किया छोड़ दिया. कब तक दूसरे की चलाते," सेठ म्हणाला, आणि त्या दिवशी त्याने खरंच चांगला भाव दिला.

माझा चहा तसाच राहिला. गाडीत बसल्यावर फाटक ओलांडेपर्यंत मी दम धरला, मग विचारलं, "बाबा, काऊन असं सांगतलं तुमी? गाडी आपली होती ना."

बाबांनी दोनदा प्रयत्न करून दुसरा गिअर टाकला.

"खरं सांगतलं असतं तं त्याले पटलं असतं का?" ते म्हणाले. "न् मंग त्यानं म्हनलं असतं, हे जुनी तरी तुही होय का बे?"

चौकीदाराची, सेठची आणि सगळ्यांत जास्त बाबांची मला इतकी चीड आली होती की डोळ्यांसमोरचा रस्ता दिसेना. काहीतरी सणसणीत बोलायचं होतं. कॉलेज येईपर्यंत शोधत राहिले, पण त्यांचं म्हणणं खोटं ठरवता येईल असं मला काही सापडलं नाही.