तांबेंवर घेतलेला संशय

यशवंत तांबे गेल्याचा निरोप आला तेव्हा मी रुग्णालयाच्या नोंदणी विभागात सकाळचे कागद लावत होते. भातलावणीसाठी ते गावाला गेले होते. आदल्या दुपारी बांधावर जरा टेकले आणि तसेच कलंडले, असं त्यांच्या पत्नीने फोनवर सांगितलं. त्याला आता पाच आठवडे झाले. खरं सांगायचं तर फोन ठेवल्यावर मला रडू आलं नाही. आधी मनात आलं ते हे, की मी त्यांच्याविषयी काय लिहून दिलं होतं ते त्यांनी घरी सांगितलं असेल का...

रत्नागिरीतल्या आमच्या खासगी रुग्णालयाच्या दोन इमारती, जुनी आणि नवी. दोन्हींत एकेक सर्व्हर, म्हणजे रुग्णांच्या नोंदी साठवणारा मोठा संगणक, आणि दोघांना जोडणारी केबल. एकाने मास्टर होऊन नोंदी घ्यायच्या. दुसऱ्याने, यंत्रं पुरवणाऱ्या कंपनीच्या भाषेत स्लेव्हने, त्याची हुबेहूब नक्कल ठेवायची. मास्टर कोण, हे माणसाने ठरवायचं नव्हतं. चालू झालं की यंत्र केबलवरून विचारी, कुणी मास्टर आहे का? उत्तर आलं तर स्वतः स्लेव्ह, नाही आलं तर स्वतःच मास्टर. सगळं आपोआप होतं, कुणी हात लावू नका, असं बसवायला आलेले इंजिनियर बजावून गेले होते. ही यंत्रं तांबे सांभाळत. पन्नाशीचे, कंत्राटावरचे, कामापुरतं बोलणारे.

मग अधूनमधून नोंदी नाहीशा व्हायला लागल्या. मिरकरवाड्याच्या हमीदाचाचींना एक इंजेक्शन चालत नाही, हे मी माझ्या हाताने नोंदवलेलं. त्या पुन्हा दाखल झाल्या तेव्हा पडद्यावर त्यातलं काहीच नव्हतं. सुनेने वेळेवर सांगितलं म्हणून सिस्टरचा हात थांबला. व्यवस्थापकांनी मला जाब विचारला. मी नोंद केली होती, याची मला खात्री होती. मग पुसली कुणी? सर्व्हरच्या खोल्यांच्या किल्ल्या फक्त तांबेंकडे. सुटीच्या दिवशीही ते तिथे दिसायचे, वहीत काहीतरी टिपायचे, आणि मी जवळ गेले की वही मिटायचे. त्यांचं कंत्राट संपत आलं होतं. बिघाड होत राहिला तर माणूस लागतोच, असा तर्क मी लढवला आणि त्याच दुपारी व्यवस्थापकांना लेखी दिला. किल्ल्या काढून घेतल्या गेल्या. तांबेंना औषधांच्या गोदामात बसवलं. ते काही न बोलता गेले, आणि ते न बोलणंही मला कबुलीसारखं वाटलं.

तीन आठवड्यांनी वादळी वारा सुटला, वीज दिवसभर ये-जा करत राहिली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा नोंदी गायब. किल्ल्या तर व्यवस्थापकांच्या खणात होत्या. मी गोदामात गेले. तांबेंनी खोक्यावर बसायला जागा करून दिली आणि वही माझ्यापुढे उघडली. वीज कधी गेली, कोणती नोंद हरवली, तेव्हा विभागात कोण होतं... पानोपानी माझंच नाव होतं.

"नसीमाताई, दोन महिने मला तुमचाच संशय होता," ते म्हणाले. "वाटायचं, चुकीची नोंद झाली की तुम्ही ती गुपचूप पुसता."

मग वहीतल्या वीज गेल्याच्या वेळांवर बोट ठेवत त्यांनी समजावून सांगितलं. वीज आली की सर्व्हर लगेच जागे होतात, पण मधली केबल ज्या डब्यातून जोडलेली आहे तो जुना, त्याला चालू व्हायला वेळ लागतो. तेवढ्यात दोघंही विचारून मोकळे होतात, उत्तर कुणालाच येत नाही, आणि दोघंही मास्टर होऊन बसतात. दोन्ही इमारतींत वेगवेगळ्या नोंदी होतात. पुढे केबल जुळली की एक जण माघार घेऊन दुसऱ्याची नक्कल उतरवतो आणि स्वतःकडचं पुसून टाकतो.

"पुसणारं कुणी नाही ताई. ते दोघं एकमेकांना ओळखतच नाहीत."

दुसऱ्या दिवशी व्यवस्थापकांसमोर त्यांनी केबल काढून दोन्ही यंत्रं चालू केली. दोन्ही पडद्यांवर मास्टर. त्यांना किल्ल्या परत मिळाल्या, डबा नवा आला. जिन्यात मी विचारलं, माझं पत्र वाचलंत का? "वाचलं. अक्षर छान आहे तुमचं," एवढंच म्हणून ते पुढे गेले. मला ते आजही टोचतं. माझ्यावर दोन महिने संशय असून त्यांनी तो मिटलेल्या वहीबाहेर जाऊ दिला नाही. मला एक दुपार पुरली.

त्यानंतरही त्यांनी त्या यंत्रांवर विश्वास ठेवला नाही. रोज सकाळी जुन्या इमारतीतला पडदा वाचून ते नव्या इमारतीत मला फोन करून विचारायचे, तुमच्याकडे काय दिसतंय? कंपनीचे शब्द झाकून दोन्ही यंत्रांवर त्यांनी स्वतःच्या हाताने कागद चिकटवले होते, 'पहिला' आणि 'दुसरा'. स्लेव्ह म्हणजे गुलाम, तो शब्द मी रोज तोंडात घेणार नाही, असं त्यांनी इंजिनियरला सांगितलं होतं.

गेल्या आठवड्यात नवा इंजिनियर आला. नवी प्रणाली घातली आहे, आता तपासायची गरज नाही, म्हणाला आणि कागद खरवडायला लागला. मी त्याला थांबवलं. रोज सकाळी मी जुन्या इमारतीतल्या त्या खोलीत जाते, पडदा वाचते आणि पलीकडे सिस्टरना फोन करून विचारते. त्यांचं उत्तर येईपर्यंत मी खोलीतून हलत नाही.